ऑफ

हेसल रोडवर, धुलाईच्या दुकानाच्या माडीवर
मंगळवारी संध्याकाळी आम्ही पाचजण.
खाली यंत्रं गरगरतात, वर बाकं थरथरतात,
आणि डोरीन ब्लँचर्ड, वय अडुसष्ट,
फळ्यावर तीन अक्षरं काढते.
ओ. एफ. एफ.

'हा तर बटणावरचा शब्द,' व्हिताउतस म्हणतो.
मासळीच्या कारखान्यात असतो तो,
लिंबू चोळून चोळूनही हातांना हॅडकचा वास.
'ऑन चालू, ऑफ बंद. झालं. घरी जाऊ?'

'काल तुझा गजर वेंट ऑफ,' डोरीन विचारते,
'म्हणजे बंद पडला?'

व्हिताउतस डोकं खाजवतो.
वाजला होता. चांगला ठणाणा वाजला होता.

मग पिशवीतून दुधाची बाटली निघते,
बूच काढून सगळ्यांच्या नाकाखालून फिरते.
हे दूध ऑफ.
रविवारी माझा ऑफ.
दुकानदार वीस टक्के ऑफ देतो,
मुकादम तासाभराचा पगार ऑफ करतो.
देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात
एकाच बाहीतून बाहेर येतात, मी वहीत लिहून ठेवतो.

रेझिनची शेजारीण तिला दर आठवड्याला विचारते,
तू इथे बेटर ऑफ आहेस, नाही का?
बेटर तिला कळतं.
ऑफ कशापासून, ते कळत नाही.
ती हसून मान हलवते. शेजारीण खूश होते.

सेमहार शेवटच्या बाकावर. चार महिने झाले,
हजेरीपलीकडे तिने शब्द काढलेला नाही.
आज ती कोटाच्या खिशातून एक कात्रण काढते,
घड्यांवर फाटत आलेलं,
आणि एका ओळीवर बोट ठेवते.
बोट बुडाली, ऑफ द कोस्ट ऑफ लिबिया.
'हा ऑफ,' ती म्हणते, 'म्हणजे लांब ना?
खूप लांब ना? पोहता येणार नाही इतकं?'

डोरीन चष्मा काढते.
पुसते. परत लावत नाही.

ती खोटं सांगू शकली असती.
आमच्यातल्या कुणाला कळलं असतं?

'नाही गं,' ती म्हणते. 'तो ऑफ जवळचा.
किनारा दिसेल इतका जवळचा.'

खाली कुणाच्या तरी पँटच्या खिशातलं नाणं
यंत्रात आपटतंय. टण्. टण्.

मग डोरीन कधी नव्हे ते खुर्चीवर बसते.
सांगते, मी सात वर्षांची. जानेवारी.
बाबा दारात उभे, पाठीवर बोचकं,
म्हणाले, आय'म ऑफ, देन.
बोट निघायच्या दिवशी आमच्या गल्लीत
कुणी धुणं काढत नसे,
धुतलं तर माणूस लाटेबरोबर धुवून जातो म्हणायचे.
आईने नव्हतं धुतलं.
मी धुतला, बाहुलीचा एक फ्रॉक. परसात, गुपचूप.
तारेत लिहिलं होतं, ऑफ आइसलँड.
मी नकाशा आणला, पट्टी आणली,
आणि त्या शब्दाची लांबी मोजत बसले.

सेमहार उठते. कात्रणाची घडी घालते,
आधीच्या घड्यांवरूनच, नवी न पाडता.
बाकांमधून पुढे येते
आणि दुधाची ती नासकी बाटली उचलते,
मोरीत ओतते, नळाखाली विसळते,
उलटी ठेवते.

धडा तिथेच राहिला.
'पुढच्या मंगळवारी,' डोरीन म्हणाली.
एरवी निघताना म्हणते ते दोन शब्द
तिने म्हटले नाहीत.

आम्ही जिना उतरलो.
व्हिताउतस दाराशी थांबला, बोट बटणावर,
त्या दोघी पायऱ्यांवरून खाली पोचेपर्यंत
त्याने दिवा तसाच ठेवला.