रकाना क्रमांक सात

चर्चच्या मागच्या खोलीत जुना फ्रीज घुमतोय.
अनुदानाचा अर्ज उद्या रात्री बारापर्यंत.
डेल्टातलं इंटरनेट; आलं तर आलं.

रकाना दोन: गावाची लोकसंख्या.
अठराशे बारा. परवा ओटिस गेला, म्हणजे अकरा.
मिस व्हर्लीन म्हणते, असू दे बारा,
टनीशाचे दिवस भरत आलेत.

रकाना चार: स्थूल मुलांची टक्केवारी.
ती माझ्याकडे आहे. मी शाळेची नर्स.
दर सप्टेंबरला पडदा ओढून
एकेकाला काट्यावर उभं करते
आणि आकडा मनातल्या मनात वाचते.
गेल्या खेपेला डिमेट्रियसनं बूट काढले, मोजे काढले,
खिशातली गोटी टेबलावर ठेवली,
परत चढला आणि विचारलं, आता?

हे लिहायला जागा नाही. मी टक्के लिहिते.

रकाना पाच: ताजी भाजी किती अंतरावर?
एकवीस मैल, गाडी असेल त्याला.
नजर पोचेल तिथवर शेतंच आहेत,
कापूस, सोयाबीन, जनावरांचा मका,
पानात वाढावं असं त्यात काही नाही.
पोरं पेट्रोलपंपावर जेवतात:
तळलेली कोंबडी आणि निळं सरबत,
निळ्या जिभा काढून हसतात.

रकाना सात: मुले मैदानात का खेळत नाहीत?
अडीचशे अक्षरांत.

मिस व्हर्लीन चष्मा काढते.
खिडकीबाहेर, कोर्टाच्या मागे, चौकोनी गवत आहे.
एका कोपऱ्यात निळ्या फरशीची कड
अजून मातीतून डोकावते.
"तिथं तलाव होता, पोहायचा.
मी नऊ वर्षांची. कुंपणाच्या जाळीला नाक लावून
गोऱ्या पोरांच्या उड्या मोजायची.
मग कोर्टानं सांगितलं, पाणी सगळ्यांचं.
शनिवारी ट्रक आले.
रविवारी आम्ही प्रार्थनेहून बाहेर पडलो
तर काठोकाठ माती.
आमच्यानं बाटेल म्हणून
त्यांनी आपल्याच लेकरांचं पाणी बुजवलं."

ती सांगत होती तसं मी टाइप करत होते.
ट्रक कोपऱ्यावर वळतायत तोच
आकडा लाल झाला.
पुढचं अक्षर उमटेना.

मी सगळं खोडलं.
लिहिलं: सुरक्षित जागेचा अभाव.

मागणी: चालायला एक वाट, चार दिवे,
आठवड्यातून दोनदा भाजीची गाडी.
फूल ना फुलाची पाकळी.

रकाना अकरा: यशाचे मोजमाप.
किती मुलांचं वजन, किती महिन्यांत, किती घटेल.
मिस व्हर्लीन हसते, खोकते, पुन्हा हसते.
"जन्म गेला ह्या गावात शब्दाला वजन येईना,
आणि आता ह्यांना
घटल्याचा दाखला हवाय!"
मी लिहिते, पाच टक्के. दोन वर्षांत.
कुठून आणलेत हे पाच, मलाच ठाऊक नाही.

बाहेर अंधारून आलंय. गवत दिसत नाही,
पण ती तिकडेच बघतेय.

रकाना चौदा: इतर खर्च.
मी शून्य टाकलं होतं.
"सत्तरीच्या बाईला," ती खिडकीकडे बघतच विचारते,
"पोहायला शिकवायचे किती घेतात गं?"

शून्यापाशी कर्सर लुकलुकतो.
मी ते खोडते.