उलटी वायर

गांधी मैदानात कार्यक्रम म्हटल्यावर
माझी एकटी पेटी पुरणार नाही, हे मलाही कळत होतं.
हॉलमध्ये ती राणी.
लग्नात तर नवरीचा मामा येऊन हात जोडतो,
जरा बारीक करा की.
पण मैदानात आवाज भिंत शोधत जातो
आणि भिंत नसली की माघारी येत नाही.

तसलीच दुसरी, पंधरा इंची,
कसबा बावड्यात, जयकुमार उपाध्येकडं.
ज्याच्याशी मी चार वर्षं बोललो नव्हतो.
कारण एका सुपारीचे साडेतीन हजार,
आणि मी चारचौघांत म्हणालो होतो
की ह्याला बेस वाजवता येत नाही, नुसता उचलता येतो.

फोन दस्तगीरनं केला. मी नाही.

तो आला छोटा हत्ती घेऊन.
पेटी उतरवली, माझ्याकडं न बघता म्हणाला,
कुठं?
मी म्हणालो, डावीकडं.
झालं. चार वर्षं एवढ्यात आटपली.

उन्हं कलली होती. खुर्च्या मांडणारी पोरं
एकमेकांना मनापासून शिव्या देत होती.
गिटारातून एक वायर, तिला फुटलेल्या दोन,
एक माझ्या अँपला, एक त्याच्या.
खटका दाबला तर घूंऽऽऽ,
उद्यमनगरात रात्रपाळीला भट्टीचा पंखा लागतो, तसं.
दस्तगीर म्हणाला, तू जनरेटरवर, हा मंडळाच्या मीटरवर,
दोघांचं अर्थिंग वेगळं. एका बोर्डावर या आधी.
आलो. घूं गेली.

मग मी जाड तार सोडली.
एकटी माझी लावली, ठीक.
एकटी त्याची, ठीक (जरा जास्तच ठीक, पण असू दे).
दोन्ही लावल्या आणि बेस गेला.
कमी नाही झाला. गेला.
बोटाखाली तार थरथरतेय, दोन्ही दिवे लुकलुकतायत,
आणि मैदानात फक्त बोट घासल्याची खसखस.
मी वाढवतोय, तो वाढवतोय,
जितकं वाढवू तितकं काहीच नाही.

दस्तगीरनं खिशातनं नऊ व्होल्टचा सेल काढला.
माझ्या पेटीच्या टोकांना टेकवला:
पडदा बाहेर आला, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखा.
त्याच्या पेटीला टेकवला:
पडदा आत गेला.

लाल काळ्यात गेलीय, तो म्हणाला. कुणी उघडली होती?
मीच, जयकुमार म्हणाला. गणपतीत. घाईत होतो.
मी काही बोललो नाही, पण मला बरं वाटलं,
ते लपवत नाही.

मात्र त्याच्या पेटीचे स्क्रू झिजलेले.
पेचकस नुसता गरगर फिरत राहिला.
पाचच मिनिटं होती, निवेदिका साडी सावरत आली होती,
म्हणून दस्तगीरनं माझी उघडली,
बरोबर होती ती,
आणि उलटी केली.

अरे, माझी का?
तर म्हणतो, उलटी-सुलटी कुणाला कळतंय?
दोघांचे पडदे एकदम बाहेर, एकदम आत,
बास. एवढंच बघायचं.

मग तार सोडली.
पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या पॅन्टचा पायचा
वारा नसताना हलला.
त्यानं वाकून खाली बघितलं.
पुडीतले भडंग तडतडले.
पार मागं, सायकली लावल्या होत्या तिथं,
एका सायकलची घंटी आपोआप किणकिणली,
आणि जयकुमार पहिल्यांदा माझ्याकडं बघून
हसला नाही. मान हलवली फक्त.
बेसवाल्याला तेवढं पुरतं.

रात्री दीडला पेट्या चढवल्या.
साडेतीन हजारांचं कुणीच काढलं नाही.
काढेल कधीतरी. तो किंवा मी.

माझी पेटी घरी आली, वायर अजून तशीच.
सुलटी करायला दहा मिनिटं लागतील,
पेचकस समोर खिडकीत पडलाय.
एकटी वाजते तेव्हा
फरक कळत नाही.