वस्तीची गाडी

वलांडीच्या थांब्यावर रात्री साडेनवाला
गौसभाई इंजीन बंद करतात
आणि बॉनेटच्या उबेवर पट मांडतात.
एक काळा उंट कुठल्यातरी फेरीत हरवला,
त्याच्या जागी ट्यूबच्या व्हॉल्व्हची टोपी.

पुस्तक उदगीरच्या रद्दीतलं.
त्यात नुसत्या सुरुवाती,
शेवटाची पानं भजी बांधण्यात गेली.
मी तिकिटाच्या मशीनच्या उजेडात वाचतो:
इटालियन, लंडन, सिसिलियन.
स्कॉच म्हटलं की गौसभाई कानाला हात लावतात.

त्रेपन्नाव्या वर्षी माणसानं
कुठली धरावी?

सोमवारी इटालियन खेळलो.
मंगळवारी लंडनला जाऊन
नवव्या चालीत वजीर देऊन आलो.
बुधवारी पानंच्या पानं तोंडपाठ,
तर पाचव्याच चालीला गौसभाईंनी
पुस्तकात नसलेलं प्यादं सरकवलं
आणि मी बसून राहिलो,
फाट्यावरची पाटी पडलेली असावी तसा.

"काय बघलालाव, मास्तर?"
"हे कामून खेळलात, ते लिहिलेलं नाही."
"स्टँडातून गाडी काढताना मी निलंग्याचा घाट बघतो का?
आधी मागं माणूस हाय का बघायचं. मग हॉर्न.
घोडे भाईर काढा, राजा कोपऱ्यात घाला.
आन् एकच धरा, महिनाभर."
"कुठली?"
"जिच्यात हरलं तरी झोप लागते, ती."

एकतीस वर्षं मी विचारत आलो: कुठं?
लोक पटकन सांगतात,
देवणी, एक फुल एक हाफ.
कुणी पिशवी सावरत, कुणी बिडी विझवत,
पण सांगतात.
मला उलट कुणी विचारलं नव्हतं.

राजापुढचं प्यादं. दोन घरं.
बोट त्याच्यावरून काढायला
मी इतका वेळ लावला
की गौसभाईंनी तेवढ्यात डबा धुऊन आणला.

त्या रात्रीही हरलो.
मागच्या बाकावर आडवा झालो,
झोप लागली की नाही आठवत नाही.

पहाटे पाच चाळीसला बॉनेट थरथरलं,
सोंगट्या एकेक करून आडव्या झाल्या.
मी तेवढं प्यादं उचललं,
सुट्ट्या पैशांत टाकलं.
देवणीच्या अलीकडे, अंधारातच,
दुधाच्या कॅनवाल्या पोराला
रुपया म्हणून तेच गेलं.
त्यानं उलटसुलट करून पाहिलं,
काचेतून येणाऱ्या उजेडाला धरलं.

"ह्याचं काय येतं, मास्तर?"