अर्थ क्रमांक एक

डॉर्कस हारलंडनं एकतीस वर्षं
शब्दकोशाची मुद्रितं तपासली.
आता निवृत्त, उत्तर समुद्राकाठच्या गावात,
जिथे उन्हाळासुद्धा स्वेटर घालून येतो.

तिला विचारा, ती सांगेल:
फ्लर्ट म्हणजे आधी प्रेमबीम काही नव्हतंच.
नुसता झटका, मनगटाचा.
बोटानं उडवलेली टिचकी.
पंखा खटकन उघडून मिटणं.
धक्क्यावरचा परीट शेपूट वरखाली करतो ना,
तेही हेच क्रियापद,
आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही.
बाईला ठेवली.
क्रियापदाचं नाम झालं आणि तिलाच चिकटलं.
समासात तिनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.
संपादकांनी ते खोडलं.

मग शब्द सैल झाला.
धुक्यात होडी घालणारी पोरं मरणाशी फ्लर्ट करतात,
नगरपालिका दर निवडणुकीला
नव्या पुलाच्या कल्पनेशी.
लग्नाचा विचार दोघांचाही नसतो.

मराठीत मी याला काय म्हणू?
खडा टाकून पाहणं, त्यातल्या त्यात जवळचं.
पण खडा टाकणाऱ्याला खोली हवी असते,
इथे नुसते तरंग पुरतात.

दर गुरुवारी ती ईनॉक गारबटकडे जाते.
दोन बांगडे, साफ करून.
"बघा, तुमच्यासारखेच डोळे चकाकतायत."
"आणि वास तुमच्यासारखा."
मग तो सुटं नाणं अंगठ्यावर ठेवून उडवतो,
ती हवेतच झेलते.
नऊ वर्षं. एकदाही चुकली नाही.
अर्थ क्रमांक एक, ती मनात म्हणते,
कालबाह्य.

फेब्रुवारीत दुकान पाच आठवडे बंद होतं.
उघडलं तेव्हा ईनॉकच्या उजव्या हाताला
गोष्टी उशिरा समजत होत्या.
बांगडे भाचीनं बांधले.
डॉर्कसनं सवयीनं हात वर धरला.
तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला,
तिचा हात खाली घेतला,
नाणं तळव्यावर ठेवलं.
ठेवायला वेळ लागला.
विनोद कुणालाच सुचला नाही.

याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं,
पानाच्या क्रमांकासकट.
तिनं उघडून पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर लक्षात आलं,
बांगडे तिथेच राहिले.
परत जायला हवं होतं, दुकान बंद व्हायच्या आत.

तिनं आधी केस विंचरले.