जायफळ

सत्यवानचा जबडा तारेने बांधलाय.
मठच्या वळणावर गाडी घसरली, त्याला आज बारा दिवस.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे फक्त पातळ.
पेज, सार, पुन्हा पेज.
काल त्याने पेजेचा पेला तसाच परत पाठवला.
रसिका गडग्यापलीकडून म्हणाली,
"ताई, कायतरी करा, नुसते भिंतीकडे बघत बसतत."

गडगा गेल्या शिमग्यानंतरचा.
जांभ्याचा, कंबरेएवढा,
दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून बांधलेला.
तेव्हापासून मी गप्प, तो गप्प,
आणि आता तर तारच.

तर तीन वेलची केळी,
सालीवर काळे ठिपके आलेली, त्याहून कच्ची नकोत.
एक चिकू. बिया काढून,
लहानपणी हा बियांसकट गिळायचा.
नारळाचं पहिलं दूध, कोमट पाण्याने सैल केलेलं.
कोकोची पूड कुडाळहून आणली.
दुकानातल्या पोराने विचारलं, केक करताय काय?
म्हटलं, नाही रे, भाऊ.
ते त्याला कळलं नाही.

दालचिनी परसातलीच,
तव्यावर जरा शेकून कुटलेली.
मिरी एक दाणा. दुसरा उचलला आणि परत ठेवला:
ठसका लागला तर बांधलेल्या जबड्याने
माणूस खोकतो कसा?

मग जायफळ.
इथे हात थांबला.

वाटणीत मोजणीची रेघ सरळ गेली
आणि तीन मादी झाडं माझ्याकडे आली,
त्याच्याकडे एक नर.
बाबांनी लावली तेव्हा कुठे ठाऊक?
रोप सांगत नाही, सहा-सात वर्षांनी फुललं की कळतं.
"ह्या वांझ झाडाक काय पुजू?"
म्हणत कोयता घेऊन निघाला होता.
मी म्हटलं, तोड,
म्हणजे माझीही तीन फळायची थांबतील.
त्याने तोडलं नाही.
पण त्यानंतर जे बोलला, ते मी इथे लिहीत नाही.

कवच फोडण्याआधी जायफळ कानाशी हलवून बघतात.
वाळलं असलं तर आत खुळखुळतं.
हे खुळखुळलं.
किसणीवर दोनदा ओढायचं असतं,
मी चारदा ओढलं.

मिक्सर लावला, दुसऱ्या घरघरीला लाईट गेली.
उभादांड्यात दुपारची जातेच.
मग केळी हाताने कुस्करली, रवी घेतली,
आणि खांदा दुखेपर्यंत घुसळत बसले.
दातांच्या फटीतून रवासुद्धा जाणार नाही,
म्हणून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं.
फडक्यात राहिलेला चिकूचा चोथा
मी उभ्या उभ्या खाल्ला.

रसिका बाजारात गेली होती.
हाका मारून पेला घ्यायला कोणीच नाही.
साडी वर खोचली,
आणि पंचावन्न वर्षांची बाई
गडगा चढून पलीकडे उतरले.
थोडं सांडलं. दगडावर तपकिरी ओघळ.

तो पडवीत. नळी लावली.
गाल आत गेले, ओठांमागे तार चमकली,
डोळे मिटले.
मी दुसरीकडे बघत राहिले.
खाली किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांचा ओरडा चालला होता,
तो बराच वेळ चालला.

तळाशी नळी खरखरली.
त्याने पोरीची पाटी ओढली,
अर्धा पुसलेला सातचा पाढा हाताने पुसला
आणि लिहिलं:
जायफळ जास्ती झालां.

माझं तोंड तर मोकळंच होतं.
तरी खडू घेतला त्याच्या बोटांतून
आणि त्याच्या खाली लिहिलं:
अर्धां तुझां.

तो हसायला गेला, आणि कळवळला.
"हसां नको," मी म्हटलं,
"तार आसा."