पंच्याहत्तर

माझ्या खिशात काड्यापेटीएवढं एक यंत्र आहे.
पोरानं चेंडू टाकला की अंगठा दाबायचा.
टिक्.
एवढ्याचाच मला पगार मिळतो.

आयोवा, बर्लिंग्टन. ऑगस्ट.
कुंपणापलीकडे मका डोक्याच्या वर गेलेला,
दिव्यांभोवती पाखरांचा धुरळा,
आणि मधल्या उंचवट्यावर रादामेस पेग्वेरो,
वय एकोणीस, गाव बानी,
ज्याच्या हातून सुटलेला चेंडू
दिसायच्या आधी ऐकू येतो.

वरच्या ऑफिसचा कागद एप्रिलातच आला होता :
एका सामन्यात पंच्याहत्तर चेंडू.
मोसमात शंभर इनिंग, वर एकही नाही.
खाली निळ्या शाईत सही कुणाची तरी,
ज्यानं घामानं निसरडा झालेला चेंडू
बहुधा जन्मात हातात धरला नसेल.
तरी कागद खरा आहे.
दुखणं तेच.

सत्त्याऐंशी साली माझा आकडा कोणी ठेवत नव्हतं.
वडील मात्र कुंपणाच्या फळीवर
खिळ्यानं रेघा ओढत बसले होते,
पाच-पाचाच्या जुड्या, अभिमानानं.
एकशे एकसष्ट.
घरी निघताना ट्रकचं दार मी डाव्या हातानं उघडलं
आणि ते म्हणाले, शाब्बास.
अजून माझ्या शर्टाचं वरचं बटण
मॅरिएटा लावून देते.

आज सहा इनिंग झाल्या,
समोरच्या एकालाही धड फटका मिळाला नाही.
अशा वेळी डगआउटमध्ये
पोराच्या शेजारी कोणी बसत नाही, बोलत नाही,
नजर लागते म्हणतात.
मीही बोललो नाही. फक्त अंगठा.
त्र्याहत्तर.
चौऱ्याहत्तर.
पंच्याहत्तराव्यावर फलंदाज असा फिरला
की गुडघ्यावरच बसला,
आणि लोक उभे राहिले,
आणि मी चालायला लागलो.

दोन हजार माणसं एका सुरात हुर्यो करतात
तेव्हा ती पाठीत नाही, मानेत लागते.
तिसऱ्या रांगेतून आमची पोस्टातली बाई ओरडली,
"डेल, घरी जा!"
गेली वीस वर्षं माझी पेन्शनची पाकिटं
तिच्याच हातून येतात.

"दुखत नाही," तो म्हणाला.
"माहीत आहे," मी म्हणालो.
न दुखणाऱ्या हातातूनच चेंडू काढून घ्यायचा असतो, पोरा,
दुखणाऱ्या हाताकडे मग कोणी मागायलाही येत नाही.
एवढं स्पॅनिश मला येत नव्हतं.
मी नुसता तळवा पुढे केला.
बराच वेळ तो तळव्याकडे बघत राहिला.
मग दुकानदारानं चुकून जास्त दिलेले पैसे
परत करावेत तसा
चेंडू ठेवला.

आठव्या इनिंगमध्ये सामना गेला.
बसमध्ये कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

रात्री मोटेलच्या मागून आवाज.
टप्प.
थोडं थांबून, टप्प.
अर्धवट झोपेत माझा अंगठा चादरीवर हलायला लागला.
सात. आठ.
अकराव्याला उठलो, सपाता घातल्या,
शिव्या तोंडात तयार ठेवून जिना उतरलो.

बर्फाच्या मशीनपाशी, विटांच्या भिंतीसमोर, एकटा.
उजव्या कोपराला बर्फाची पिशवी
पट्टीनं घट्ट आवळलेली.
फेकत होता डाव्या हातानं.
भलत्याच पायावर भार,
खांदा कुठे, कंबर कुठे,
सहा वर्षांचं पोर
परसातल्या पत्र्यावर आंब्याची कोय मारतं, तसा.
मला पाहून हसला.
"हे मोजत नाहीत ना?"

शिव्या कुठे गेल्या कोण जाणे.
मी त्याच्याकडून चेंडू घेतला,
आणि मीही डाव्यानंच फेकला.
भिंत एवढी मोठी, तरी चुकली.
चेंडू घरंगळत ब्रेडच्या ट्रकखाली गेला.

मोबाइलचा उजेड धरून मी वाकलो.
तो ओल्या सिमेंटवर पालथा पडला,
आणि सवयीनं त्याचा उजवा हात आत गेला.

"डावा," मी ओरडलो.
"अरे, डाव्यानं काढ."