तारखेची जागा

निंबाळकर बाईंनी चिठ्ठी दिली, चार घड्या घातलेली.
सोमवारपासून गणिताच्या तासाला मी वर जायचं,
अकरावीच्या वर्गात.
बाकी विषय इथंच, नववी ब.
खाली पालकांची सही, तारीख.

आकडे मला लवकर दिसतात.
त्यात माझं काही नाही;
काकूला दूध नासणार ते आधी कळतं, तसंच.

रेहाना मुल्लाणी मधल्या सुट्टीत
डब्यातली शेंगाचटणी पुढं सरकवत म्हणाली,
"जा की. मी खिडकीकडं सरकतो."
आमच्या बाकावर कर्कटकानं कोरलेली रेघ आहे,
अलीकडं ती, पलीकडं मी.
दोघींपैकी कुणीच ती पाळलेली नाही.

अकरावीचं पुस्तक आणलं गल्लीतल्या एकाचं.
इंग्रजीत आहे. वर्तुळ सर्कल झालंय,
गोल मात्र तेवढंच आहे.
पाच उदाहरणं सुटली.
सहाव्याचं उत्तर बरोबर आलं
आणि का आलं, ते कळलं नाही.
उत्तराखाली दोन रेघा मारायला
हात उठेना.

संध्याकाळी उद्यमनगरात, शेडमध्ये.
पप्पा लेथवर आटे पाडत होते.
वाटलं, आता सांगतील:
एक आटा चुकला की नट बसत नाही, पोरी.
मी तयारीतच होते.
त्यांनी मशीन बंद केलं, चिंधीला हात पुसले,
चिठ्ठी दोनदा वाचली.
"मी सातवीत दोन वर्षं काढली.
पुढं कसं जायचं, ते मला इचारू नको."
सही केली. तेलाचा अंगठा उमटला
सहीपेक्षा ठळक.
"तारीख तू घाल," म्हणाले,
आणि चिरका आवाज पुन्हा सुरू.

येताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर
भेळ न घेता बसले थोडी.
पलीकडचे दिवे पाण्यात लांब झाले होते.
किती लांब, ते काढता आलं असतं.
काढलं नाही.

आज शुक्रवार.
भूमितीत वर्तुळाचं प्रकरण अजून व्हायचंय.
केंद्रातून जीवेवर लंब टाकला की जीवा दुभागते,
हे मला माहीत आहे.
रविवारी रेहाना येणार आहे घरी.
ती कसलंच पाठ करत नाही,
मान तिरकी करून नुसतं विचारत बसते:
"पण का गं?"

चिठ्ठी कंपासपेटीत ठेवलीय, कोनमापकाखाली.
तेल कागदातून पलीकडं गेलंय.
पेनाचं टोपण
रविवारपर्यंत काढत नाही.